तलाठ्याजवळचं पान

सुखदेवा,

तुह्या मिलिंदनं माह्याकडं दोन पानं लिहून मागितली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आसेगावच्या विहारात वाचायची म्हणे. "काका, तुमी बाबाचे सगळ्यात जुने दोस्त. तुमीच लिहा. अन् थोडं चांगलं चांगलं लिहा." म्हटलं, बाबू, तुहा बाप चांगलाच होता, पण मले त्याचा राग येऊन राह्यला, त्याचं काय करू? पोट्टं हसलं. त्याले वाटलं काका गंमत करून राह्यले.

गंमत नाही. पंधरा दिवस झाले, मी रोज सकाळी उठतो अन् तुह्यावर चिडतो. असा कोणी जाते का बे? सकाळी चहा घेतला, वैनीले म्हणला छातीत जरासं जड वाटते, अन् दुपारी अकोल्याच्या दवाखान्यातून मिलिंदचा फोन. माही एक गोष्ट तुले सांगायची बाकी होती. दोन वर्सं आज सांगतो, उद्या सांगतो करत राह्यलो, अन् तू उद्याच ठेवला नाही. आता ती इथंच सांगतो, चारचौघांत. पण त्याच्या आधी लोकायले समजलं पाह्यजे की आपण दोघं त्या वायरच्या दोन टोकाले बसून करत काय होतो. कॉलनीतल्या अर्ध्या लोकायले अजून वाटते आपण चोरून केबल टीव्ही पाहत होतो.

तू विज्ञानाचा मास्तर. रिटायर झाला त्या वर्सी तुह्या शाळेनं सामानाची खोली साफ केली. त्यातून तीन जुने कॉम्प्युटर निघाले, तू नवीन नवीन मास्तर असताना आलेले. कीबोर्ड अन् मशीन एकाच डब्यात, पडदा नाही, घरचा टीव्ही जोडायचा. भंगारात चालले होते. तू हातगाडीवर घालून वाशिमातल्याच आपल्या कॉलनीत घरी आणले. वैनी दारातूनच म्हणल्या, "हे कायले आनलं? आंदी घरातलं भंगार तं काढा."

मीही तेच म्हटलं. म्हटलं, सुखदेवा, बह्याड झाला का? पोट्ट्यायच्या खिशातल्या मोबाईलमध्ये याच्याहून जास्त अक्कल आहे. तू स्क्रू पिळतच म्हणला, "गजा, मोबाईल खोलून पाह्यता येत नाही. हे खोलता येते." अन् खोलतच बसला, पुरं एक वर्स. तीन डब्यांतून तीनही चालू केले. ते पाहून मले आनंद झाला होता हे मी तुले कधी सांगतलं नाही. सांगतलं असतं तं तू आणखी तीन आणले असते.

तुह्या डोक्यात पुढचं खूळ तयारच होतं. एका मशीनवर लिहिलेली फाइल वायरनं दुसऱ्या घरच्या मशीनवर गेली पाह्यजे. इंटरनेट नाही, मधात कोणाचा काही संबंध नाही, सरळ तुह्या गच्चीवरून माह्या गच्चीवर. मधात तीन घरं. अन् मी टेलिफोनचा लाइनमन, सत्तरचं दशक संपता संपता खांबावर चढलो तो रिटायर होईस्तोवर उतरलो नाही. तुले मी कुठी पाह्यजे होतो? तुले फुकटचा वायरवाला पाह्यजे होता. पण वढली बाप्पा वायर. तिन्ही घरवाल्यायच्या हातापाया पडून वढली.

पहिले दोन महिने नुसता संताप. अक्षरं येत ती अर्धी. तू म्हणे वायर खराब, मी म्हणे तुहा प्रोग्राम खराब. "चाळीस वर्सं वायर वढली म्या, मले वायर शिकवू नको!" मंग दोघंही उन्हात गच्चीवर चढून एकेक जोड तपासत जाऊ. एकदा पाहतो तं वांदराचं अख्खं खटलं वायरवर झोके घेऊन राह्यलं. तू रागारागानं खिशात हात घातला अन् त्यायच्यावर खडू फेकला. खडू! रिटायर झालेल्या मास्तरच्या खिशात, गच्चीवर, खडू कायले होता? हे विचारायचं राहूनच गेलं.

शेवटी एका दुपारी माह्या टीव्हीवर एक ओळ उमटली. 'गजा, चहा प्यायले ये.' रोमन अक्षरात, कारण त्या डब्याले आपली लिपी येतच नव्हती. मी चप्पल न घालता आलो होतो, आठवते? वैनी म्हणल्या, "एवढ्यासाठी दोन महिने? हाक मारली असती तं आयकू आलं असतं." त्यायचं खरं होतं. तरी त्यानंतर रोज चार वाजता ती ओळ येत जाय, अन् रोज मी कुरकुरत येत जाय.

आता तलाठ्याचं सांगतो, कारण सारी भानगड त्याच्यापाशी आहे. तीन मशीनपैकी एक तुह्या टेबलावर, एक माह्या. तिसऱ्याले फ्लॉपीचं खोकं जोडून तू ते कोपऱ्यात ठेवलं होतं, दिवसभर चालू. त्याच्यावर लिहायचं नाही. त्याचं काम एकच, आपल्या दोघांच्या फायली सांभाळणं. तू मागितली तं तुले द्यायची, मी मागितली तं मले. त्याचं नाव आपण तलाठी ठेवलं. गावाचे सारे कागद त्याच्याजवळ अन् माणूस जागचा हलत नाही. पण या तलाठ्यात एक खोट होती. एकच फाइल आपण दोघांनी उचलली तं तो दोघांयलेही देत जाय, अन् जो शेवटी परत करन त्याचाच कागद खरा धरे. आंदी दिलेलं सारं गायब. असं दोनदा झालं अन् दोनदा आपलं जोरात वाजलं.

मंग तू उपाय काढला. एवढा शिकलेला माणूस, अन् उपाय काय काढावा? लाल टावेल. ज्यानं फाइल उचलली त्यानं आपल्या गच्चीवर लाल टावेल टाकायचा. टावेल दिसतो तोवर दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मी लय हसलो. पण चाललं ते. एकदाच घोळ झाला. दोन दिवस तुहा टावेल हलेना, मी दोन दिवस मुकाट बसलो, तिसऱ्या दिवशी भांडायले आलो तं समजलं वैनीनं धुवून वाळत टाकला होता.

त्या फाइलीत काय होतं हे विहारात बसलेल्या लोकायले माहीत नसन. तू आसेगाव लिहून राह्यला होता. आपलं आसेगाव, सत्तर ते ऐंशीतलं. पहिली एसटी, शाळेची गळकी खोली, वस्तीतल्या लोकायनं एक एक वीट आणून बांधलेला हाच विहार. दहा ओळी तू लिहू, दोन मी. मी लिहिलेल्या दोनात तू तीन चुका काढू. मिलिंद म्हणे आपण पुस्तक छापू. मले तं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपणही काहीतरी करून राह्यलो. तू नसता तं मी गच्चीवर बसून वांदरं मोजत राह्यलो असतो. हे उपकार आहेत तुहे, अन् ते मी मानतो.

भांडण एकाच गोष्टीवरून राह्यलं. मी म्हणे, फाइल दोन ठिकाणी ठेव. फ्लॉपीले बुरशी लागते, लाइट जाते, तलाठी मेला तं सारं गेलं. माह्याजवळ टेपरेकॉर्डर आहे, त्या मशीनले कॅसेटही चालते, एक कॉपी माह्या घरी राहू दे. तू ऐकलंच नाही. "गजा, दोन कॉप्या झाल्या की खरी कोनती, हे भांडन सुरू होते. एकच राहू दे. जे हाय ते दोघांचं हाय." मी म्हटलं, आडमुठा आहेस. तू म्हणला, आहे. मंग मी तुले न सांगता, आठवड्यातून एकदा, कॅसेटवर कॉपी ठेवू लागलो. हे पहिलं कबूल करतो. दुसरं याच्याहून वाईट आहे.

होळीनंतरचे दिवस होते. आदल्या दिवशी चहा पिताना तू म्हणला, "मायवर लिहून राह्यलो. एक पान झालं, आनखी लिहीन. पुरं झालं की वाच, तोवर हात लावू नको." दुसऱ्या दिवशी तू अन् वैनी केनवडले लग्नाले गेले. तलाठी चालू होता, झालेलं पान त्याच्याजवळ होतं, टावेल गच्चीवर होता. तो वाळत टाकलेला नव्हता हे मले पक्कं माहीत होतं.

फाइल न उचलता नुसती पडद्यावर पाह्याची सोय होती. मी पाह्यली. ओळी खालून वर सरकत येत, बैलगाडीच्या चालीनं. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. वस्तीची विहीर आटली. माय घागर घेऊन मळ्यातल्या विहिरीवर गेली. अन् मळ्याच्या मालकाचं नाव. माह्या बापाचं नाव, आडनावासकट.

मी बटन दाबून ओळी थांबवल्या. पुढं काय लिहिलं असन हे मले माहीत होतं, निदान मले वाटलं माहीत आहे. बापाची अब्रू म्हणून केलं असं मी दोन वर्सं स्वतःले सांगत आलो. खोटं आहे. बापाले जाऊन वीस वर्सं झाली होती, त्याले काय फरक पडत होता? मी घाबरलो ते पुढच्या ओळीले, जिच्यात माहं नाव असणार होतं. गाव वाचन, भाऊ वाचतीन, नातवंडं वाचतीन.

मी कॅसेट लावली. तुह्या मायचं पान नसलेली, मागच्या आठवड्याची कॉपी. ती मशीनमध्ये यायले चार मिनिटं लागतात, सारा वेळ कानात किरकिर आवाज. चार मिनिटं, सुखदेवा. त्यात मी कधीही हात आवरू शकत होतो. नाही आवरला. जुनी फाइल आली, अन् मी ती त्याच नावानं तलाठ्याले परत केली. त्यानं घेतली. त्याले काय, जो शेवटी देईन त्याचा कागद खरा.

दुसऱ्या दिवशी तू ओळ पाठवली नाही, स्वतः आला. दारातच उभा राहून म्हणला, "गजा, मायचं पान नाही तलाठ्याजवळ."

मी तयारच होतो. "अरे बाप्पा! टावेल तं मले वाटलं वैनीनं वाळत टाकला. मी काल जुनी फाइल परत केली. चूक झाली लेका."

तू माह्याकडं पाह्यलं. जुनी फाइल माह्याजवळ आली कुठून, एवढाच एक प्रश्न होता. तुह्यासारख्या माणसाले तो सुचला नसन? सुचला असन तं कॅसेट कळली, अन् कॅसेट कळली तं सारंच कळलं. पण तू विचारलं नाही. "बरं," म्हणला, "वायरीचं असंच असते." वायरीचं! चाळीस वर्सं मी कोणा साहेबाले माह्या वायरीले नाव ठेवू दिलं नाही, त्या दिवशी मुंडी खाली घालून ऐकून घेतलं. मी म्हटलं, पुन्हा लिही. तू म्हणला, "मायवर एकदाच लिहिता येते." अन् मंग चहा पिऊन गेला.

तिथून पुस्तक बंद पडलं. तू एक ओळ लिहिली नाही, मीही नाही. चार वाजताची ओळ मात्र येत राह्यली. 'गजा, चहा प्यायले ये.' दोन वर्सं, एक दिवस न चुकता. तुले काय सांगू, प्रत्येक वेळी मले वाटे, आज हा विचारन. तू वांदरायच्या गोष्टी सांगत जाय, तुरीचा भाव सांगत जाय, गुडघ्याचं सांगत जाय. अबे, भांडायचं होतं ना! एवढ्याशा टावेलावरून कॉलनी गोळा करणारा माणूस तू, अन् मायच्या पानासाठी आवाज चढवला नाही. तू भांडला असता तं मी कबूल केलं असतं. कदाचित. पक्कं सांगता येत नाही, पण संधी तरी दिली असती.

परवा दुपारी वैनीकडं गेलो. तलाठी अजून चालू होता, कोणी बंदच केला नव्हता. वैनी सुपात तूर निवडून राह्यल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगतलं, "वैनी, ते मायचं पान मी पुसलं. चुकून नाही. मुद्दाम."

त्यायचा हात थांबला नाही. "मले माहीत हाय, भाऊजी. त्यायले बी माहीत होतं."

मी सुपाच्या पलीकडं टेकलो.

मंग त्याच म्हणल्या, "तुमी ते पुरं वाचलं होतं का?"

"नाही. बाबाचं नाव आलं तिथीच थांबवलं."

"मले वाचून दाखवलं होतं त्यायनं, लग्नाले जायच्या आंदी. मी म्हनलं, हे असं काहून लिहिलं? सासूबाई मले येगळं सांगत. तं म्हने, जाऊ दे, गजाले आता नातवंडं हायेत. त्याच्या जागी गडी लिहितो. गड्याचं नाव कोनी विचारत नाही." सुपातला एक खडा त्यायनं वेचून बाहेर टाकला. "त्या पानात तुमी नव्हतेच भाऊजी. गजा त्या दिवशी वाशिमले गेला होता, असं लिहिलं होतं त्यायनं."

सुखदेवा, मी तुह्या घरातून कसा बाहेर पडलो ते मले माहीत नाही. वैनी मांगून चहाचं विचारत होत्या.

काय केलं हे तू? दोन कॉप्या झाल्या की खरी कोनती हे भांडण होते म्हणून माह्यासंग तंडत राह्यला, अन् स्वतः, आपल्या मायच्या पानात, खोटं लिहिलं? कोणासाठी, तं माह्यासाठी! मले विचारलं होतं का? मी म्हटलं होतं का मले वाचव? अन् मी असा करंटा की ते पानही टिकू दिलं नाही. आणखी पाच ओळी वाचायचा धीर असता तं मी जन्मभरासाठी सुटलो असतो, तू मले सोडवूनच ठेवलं होतं. आता तू नाही, पान नाही, कोण कोणाले माफ करन? मले तुह्यावर राग यायले पाह्यजे का माह्यावर, हेही समजून नाही राह्यलं. दोघांवरही येऊन राह्यला.

म्हणून आता मी लिहितो. मिलिंदले मी सांगतलं, हे मी स्वतःच वाचीन, विहारात. माह्या दोन्ही भावायलेही बोलावलं आहे. कायले ते त्यायले माहीत नाही. रागावतीन, उठून जातीन. जाऊ दे.

त्या उन्हाळ्यात वस्तीच्या बाया आमच्या विहिरीपासून चार हात दूर उभ्या राहत. रीत तशी होती. कोणाले दया आली तं त्यानं वरून त्यायच्या घागरीत पाणी ओतायचं, नाही आली तं त्या उन्हात उभ्याच. तुही माय त्या दिवशी सकाळपासून उभी होती, अन् तू तिच्या पदरापाशी. आपण दोघं एकाच वर्गात, पंधरा वर्सांचे. शेवटी तिनं वाट पाहणं सोडलं. चार हात चालून आली, दोर घेतला अन् बादली स्वतः विहिरीत सोडली. बादली भरली तेवढ्यात माहा बाप खळ्यातून आला. त्यानं तिले हात लावला नाही, शिवी दिली नाही. फक्त मले म्हणला, "वढ वर." मी तिच्या हातातून दोर घेतला अन् वढला. बादली काठावर आली. तुही माय म्हणली, "लेकरा, घरी लहान पोरं हायेत." बाप म्हणला, "आता सांड." मी एकदा त्याच्याकडं पाह्यलं, एकदा तुह्याकडं. तू काहीच म्हणला नाही, तवाही नाही.

गडी नव्हता, सुखदेवा. मी वाशिमले गेलो नव्हतो. दोर मीच वढला, अन् बादलीभर पाणी तुह्या मायच्या पायापाशी मातीत मी सांडलं.